ताडपत्रीवरची सरकी

वच्छलाबाईने मला जिनिंगच्या फाटकावरून हाकललं नसतं, तर आज मी भौतिकशास्त्र शिकवत नसतो. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी बोललो आहे की आता ते वापरातल्या पायरीसारखं गुळगुळीत झालं आहे. कॉलेजात रुजू झालो तेव्हा बोललो, प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलं, लग्नात सासऱ्यांना सांगितलं. वाक्य खरं आहे. त्यात खोट एवढीच, की ऐकणाऱ्याला वच्छलाबाई लगेच आवडू लागते.

ती आमच्या गावच्या जिनिंगमध्ये बायांच्या टोळीची मुकादमीण. कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढायची आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधायच्या, हा तिथला उद्योग. हंगामात रोज सकाळी फाटकाशी उभी राहून आज कोण आत जाणार आणि कोण घरी परतणार हे ती ठरवायची. माझी माय तिच्या टोळीत होती. माझ्यावर उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मायचं नाव घेत नाही. जिच्या अंगावरून सगळं वसूल झालं, तिला उपकार करणारी कसं म्हणायचं?

हंगाम परत सुरू झाला आहे. वर्ध्याला येणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्या आणि छोटे ट्रक दिसू लागले. बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहतो, विजेच्या तारांवर बसतो, पानटपरीच्या जाळीत शिरतो. परवा वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या माझ्या घरी मी सवयीने खिडक्या लावून घेतल्या. गेली काही वर्षं दिवाळी झाली की मी हेच करतो, मायच्या खोलीत बाहेरची धूळ जाऊ नये म्हणून. शेवटच्या खिडकीची कडी घातल्यावर लक्षात आलं, की आता आत कोणी नाही. माय याच महिन्यात गेली. खिडकी परत उघडायला हात उचलेना. मग तशीच राहू दिली.

जिनिंगचा वास सांगून कळायचा नाही. फुटलेल्या सरकीचा कच्चा, तेलकट, कोमट वास. त्यात रेच्यांच्या वंगणाचा वास मिसळतो. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र, त्यांची रांगच्या रांग शेडमध्ये दिवसभर धडधडत असे. शेडबाहेर कापसाच्या गंज्या, घरांपेक्षा उंच. गंजीच्या पायथ्याशी बाया ओळीने बसत आणि कापसातून कवडी वेचत. कवडी म्हणजे किडलेलं, पिवळं पडलेलं बोंड. ते रुईत गेलं की गाठीचा दर्जा उतरतो. वाळलेली पानं, सुतळीचे तुकडे, बायांच्या डोक्यातले केससुद्धा काढावे लागत. हात कापसात, नजर कापसात, आणि श्वासही कापसात. दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. तरण्या पोरीसुद्धा म्हाताऱ्या दिसत. संध्याकाळी हापशावर तोंड धुतलं की वय परत यायचं. माय तोंड धुवायची, पण काही हंगामांनंतर तिचं वय परत येईनासं झालं.

मी सांगतो तो हंगाम एकोणीसशे नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाचा. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गावाहून वर्ध्याला अपडाऊन करायचो. बाबा आधीच वारले होते. घरात मी, माय आणि तिचा खोकला. तो खोकला पोळ्याच्या सुमारास थांबायचा आणि हंगाम सुरू झाला की पाहुण्यासारखा परत यायचा. त्या वर्षी पोळा झाला, दसरा झाला, पण तो गेलाच नाही. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं, की हिला रुईपासून लांब ठेवा.

मी ठरवलं, की मायच्या जागी मी जाईन. कॉलेज सुटलं तर सुटलं. मी यात काही मोठेपणा मानत नव्हतो. आमच्या वस्तीत माझ्या वयाची पोरं हेच करत. नाल्याच्या अंगाला असलेली आमची वस्ती गावात सगळ्यात खाली आहे. पावसाचं पाणी जसं वस्तीत येतं, तशी वस्तीतली पोरं जिनिंगमध्ये जात. कोणी बोलवत नसे. उतार होता, एवढंच.

पण मी गेलो म्हणजे माय घरी बसणार. कारण वच्छलाबाईचा कायदा होता, एका घरची एकच हजेरी. फाटकावर गर्दी फार, कामं थोडी. ती वस्तीतल्या घराघरात वाटून द्यायची. या कायद्यामुळे तिला सगळे न्यायी म्हणत. तिच्या शिव्यांची मात्र धास्ती घेत.

पहिल्या सकाळी मी मायच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"काऊन रे, रस्ता चुकला का?" वच्छलाबाईने विचारलं.

"आजपासून मायच्या जागी मी येतो, बाई. तिले खोकला हाये."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाव विलास, अन चपलीले सुतळी! बोटं दाखव."

मी हात पुढे केले. तिने माझी बोटं बाजारात भेंडी मोडून पाहतात तशी वाकवून पाहिली आणि हात झटकून टाकला. "हे बोटं पेनीचे हायेत. याईनं कवडी येचशील? कवडी तुले येचून टाकीन!" मागच्या बाया खळखळून हसल्या. मायही पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. "चाल व, तू आत हो," वच्छलाबाई तिला म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "अन तू? तुही बस सुटून राह्यली. धाव."

दुसऱ्या सकाळी गेलो. तिसऱ्या सकाळी गेलो. नंतर ते फाटकावरचं रोजचं करमणुकीचं काम झालं. "आले बाप्पा साहेब!" "अरे, खुर्ची आणा रे मास्तरले!" एकदा तिने माझ्या पिशवीतलं पुस्तक काढून उलटं धरलं आणि बायांना विचारलं, "यातली कवडी कोनती व?" एकदा मी हट्टाने पाय रोवून उभा राहिलो, तेव्हा तिने झाडू उचलला. माझ्याबरोबर दहावी झालेला संजू मात्र त्याच हंगामात घेतला गेला. त्याचा बाप पाय मोडून पडला होता, त्याच्या जागी. मी कुंपणाबाहेर आणि संजू आत, रुईचे भारे डोक्यावर घेऊन पळताना मला डोळा मारायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. पुढच्या हंगामात त्याचा अंगठा रेच्यात गेला. आता तो त्याच फाटकावर चौकीदार आहे आणि मला पाहिलं की मुद्दाम त्याच हाताने सलाम ठोकतो.

बस चुकली की दुसरी येईपर्यंत मी जिनिंगच्या तारेच्या कुंपणाशी थांबायचो. समोर आवारात चार बाया ताडपत्री हलवत असत. जमिनीवर सांडलेली सरकी झाडून ताडपत्रीवर टाकायची, चौघींनी चार टोकं धरायची आणि हलवत राहायचं. माती सुटून तळाशी बसते, सरकी वर खेळत राहते. काम कंटाळवाणं. चौघींचे हात एका तालात चालत नसत. एकीचा दंड दुखायचा, एक बोलण्यात रमायची, एक उंच, एक बुटकी. त्यामुळे ताडपत्रीला कुठेही खळगा पडायचा आणि कुठेही उंचवटा उठायचा.

मी सरकी पाहायचो. दाणे खळग्याकडे घरंगळत. आधी पोचलेले तळाशी जमत, मागचे त्यांच्यावर. पार कडेचे दाणे धावत यायचे, आणि ते पोचेपर्यंत तिथला खळगा उचलला जाऊन उंचवटा झालेला असायचा. ढीग फुटायचा. फुटलेले दाणे दोन-तीन नव्या खळग्यांत वाटले जायचे. मग त्यांतला एक खळगा मोठा व्हायचा. सरकी कधी ताडपत्रीभर सारखी पसरायची नाही, आणि कधी एका जागी सगळी गोळाही व्हायची नाही. जमायची, मोडायची, पुन्हा जमायची. खूप वेळ पाहिलं तरी ते शेवटाला जात नसे.

"काय पाह्यतं रे?" वच्छलाबाई आतून ओरडली. "सिनेमा हाये का?"

"सरकी पाहून राह्यलो, बाई."

"सरकी पाह्याचे पैसे नाई भेटत!"

पुढे मला पहिली शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा माय म्हणाली, "वच्छलीले सांगजो, सरकी पाह्याचे पैसे भेटते म्हणा." मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, ती हसली असती.

पौषातली एक सकाळ मी विसरू शकत नाही. मायला ताप होता. थंडी अशी की हापशाचा दांडा हाताला चावायचा. मी तिला गोधडीत गुंडाळून ठेवलं आणि एकटाच फाटकावर गेलो. मनात म्हटलं, आज तरी बाईला मला घ्यावंच लागेल, कारण हजेरीला माय नाही. वच्छलाबाईने माझ्या मागे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. "तुही माय कुठं हाये?"

"ताप हाये. आज मी."

आयुष्यात एकदाच मी तिला फाटक सोडून जाताना पाहिलं. वस्तीचा उतार उतरून ती सरळ आमच्या घरात आली. मी मागे धावत. तिने मायच्या अंगावरची गोधडी ओढली.

"ऊठ व."

"मायले ताप हाये, बाई. तिच्या कपाळाले हात तं लावून पाह्य," मी म्हटलं.

"तू बाजूले हो."

मी दारात आडवा उभा राहिलो. तिने एका हाताने मला चौकटीवरून बाजूला सारलं, धान्याचं पोतं सारतात तसं. स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा काढून मायच्या नाकातोंडाभोवती घट्ट गुंडाळला, मागे गाठ मारली. माय उठली. तिने मला सांगितलं, "डब्यात भाकर हाये. बस चुकवू नोको." दोघी उतार चढून गेल्या. वच्छलाबाई पुढे, माय मागे, दुपट्ट्यातून खोकत. कोपऱ्यावर वच्छलाबाई थांबली, मागे वळून माझ्यावर ओरडली, "गेला नाई अजून? जाय!"

मी गेलो. बसमध्ये उभ्याने रडलो. कोणी विचारलं नाही. त्या सकाळी वर्ध्याला प्रकाशाच्या व्यतिकरणाचं प्रात्यक्षिक होतं. काळ्यापांढऱ्या पट्ट्या मोजताना मला सारखा तो दुपट्टा दिसत होता.

हा प्रसंग मी पुढे पुष्कळांना सांगितला. गंमत अशी, की सांगताना माझ्याच तोंडी त्याचं रूप बदलत गेलं. ओढलेली गोधडी मागे पडली आणि दुपट्टा पुढे आला. "स्वतःचा दुपट्टा काढून दिला हो!" ऐकणारे म्हणत. "अन तुम्हाला कॉलेजला पाठवलं!" मीही मान हलवायचो. मला तसंच वाटू लागलं होतं. कृतज्ञ माणसाला उपकारकर्ता चांगलाच असावा लागतो, नाहीतर ते ओझं उचलवत नाही.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात आणि मायच्या माहेरात मिळून पहिला पदवीधर. मग एम.एस्सी., मग दूरच्या शहरातल्या एका संस्थेत संशोधन. तिथे आमच्या मार्गदर्शकांनी पहिल्याच महिन्यात फळ्यावर एक वाकडीतिकडी रेघ काढली. म्हणाले, हे एक पृष्ठ समजा. ते स्वतःच्या लहरीने सतत वरखाली होत असतं. त्यावर कण सोडले. कण उतार दिसेल तिकडे घसरतात. कणांच्या वजनाने पृष्ठ वाकत नाही, पृष्ठाला कण आहेत याची खबरही नसते. कण एकमेकांना ओढत नाहीत, ढकलत नाहीत. आता सांगा, काय होईल?

मी म्हटलं, ढीग होतील, सर. मोठे होतील. पण टिकणार नाहीत. फुटतील आणि दुसरीकडे होतील.

सरांनी खडू खाली ठेवला. "तुम्हाला कसं माहीत?"

मी त्यांना ताडपत्री सांगितली. ते केरळचे. सरकी त्यांनी पाहिली नव्हती. पुढच्या वेळी गावाहून येताना मी मूठभर घेऊन गेलो. त्यांनी दोन दाणे चिमटीत धरून दिव्याखाली पाहिले आणि निर्दयपणे म्हणाले, "तुमचं उदाहरण चुकीचं आहे. याच्या अंगावर तंतू आहेत. हे दाणे एकमेकांना धरून ठेवतात. आपल्या कणांनी कोणाला धरायचं नाही." मग मी ज्वारी वापरली. ज्वारी गुळगुळीत असते. ज्वारीनेही ढीग झाले. सरांचं म्हणणं खरं होतं, धरून ठेवण्याची गरजच नव्हती.

त्या ढिगांचा हिशेब मांडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेल आणि पाणी एकत्र हलवलं तर काही वेळाने तेल वेगळं होतं आणि शांत बसतं. हलत्या पृष्ठावरच्या कणांना ती शांतता मिळत नाही. कुठल्याही क्षणी पाहावं तर कुठेतरी मोठा जमाव दिसतो, आणि तोच जमाव पुढच्या क्षणी नाहीसा होण्याइतका कच्चा असतो. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, यांच्यात केवढी ओढ आहे, कसे एकमेकांच्या कुशीत शिरलेत. गणितात ओढीचं पदच नसतं. सगळे एकाच खळग्यात पडलेले असतात, इतकंच.

हे समीकरणांत लिहायला मला अवघड गेलं नाही. फाटकावरच्या गर्दीबद्दल, आमच्या वस्तीबद्दल, वर्षानुवर्षं एकमेकींना लागून बसलेल्या बायांबद्दल हेच म्हणायची वेळ आली, तेव्हा मात्र जीभ अडखळली.

ती वेळ आली माझ्या सत्कारात. पीएच.डी. झाली तेव्हा वस्तीने बुद्धविहारात कार्यक्रम ठेवला. सतरंज्या, भाड्याचा माईक, शाल, पुष्पगुच्छ. माय पहिल्या रांगेत, श्वासाचा पंप पदराखाली लपवून. मी आग्रह धरला, की माझ्याआधी वच्छलाबाईचा सत्कार करा. तिला कामावरून धरून आणली होती, केसांत रुई तशीच. माझं भाषण झालं. कृतज्ञतेने ओथंबलेलं. फाटक, झाडू, दुपट्टा, सगळं. कित्येक बाया डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, "बाईंनी मला रोज हाकललं, कारण त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं होतं."

मग अध्यक्षांनी तिच्या हातात माईक दिला. तिने तो कवडी असावी तसा दोन बोटांत धरला.

"हा पोट्टा म्हणते, मले याच्यात काही दिसलं. मले काही दिसलं गिसलं नाई बाप्पा. मले याच्या मायचे हात पाह्यजे होते."

लोक हसले.

"हसता काऊन? हिच्यासारखी कवडी येचनारी दुसरी नव्हती. हिच्या हातानं माह्या टोळीची रुई पास व्हायची, म्हनून मोठी गंजी, मोठा पैसा मले भेटे. एका घरची एक हजेरी, कायदा माह्याच. याले घेतला असता तं ते घरी बसली असती. अन यानं काय येचलं असतं? ढोरानं येचावं तसं! मोठी गंजी गेली असती दुसऱ्या टोळीले. म्हनून हाकलला. शिकला तं शिकला. त्याले मी काय करू?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष भारावून उभे राहिले. "पाहा, मोठ्या मनाची माणसं अशीच बोलतात! श्रेय घेत नाहीत!" मागून कोणीतरी तिच्या नावाचा जयजयकार केला.

वच्छलाबाई चिडली. "अरे, खरं सांगून राह्यली मी!" टाळ्या आणखी वाढल्या. तिने माईक टेबलावर आपटला, शाल काखोटीला मारली आणि तरातरा निघून गेली. जाताना तिने मायकडे पाहिलं नाही. मायने तिच्याकडे पाहिलं.

विहारात सगळे हसत होते. मी एकटा मंचावर उभा होतो आणि मला सरांचा खडू आठवत होता. गणितात ओढीचं पद नाही. इतकी वर्षं मी ज्या ठिकाणी माया वाचत होतो, तिथे फक्त उतार होता. तिला मोठी गंजी हवी होती, म्हणून माय रुईत राहिली. माय रुईत राहिली, म्हणून मी बसमध्ये चढलो. ताडपत्री हलवणाऱ्या बाईला कोणता दाणा कुठे जाऊन पडला याची काय खबर असणार? आणि जो दाणा बाहेर उडाला, त्याने तिचे आभार मानावेत की नाही?

परतताना मायला दम लागला म्हणून आम्ही विहिरीच्या कठड्याशी थांबलो. मी विचारलं, "तुले माईत होतं?"

"काय?"

"तिनं मले काऊन हाकललं ते."

माय हसली. "त्यात माईत काय व्हायचं? टोळीतल्या समद्या बायाईले माईत होतं. तुलेच नाई समजलं. डागदर झाला म्हने!"

"अन तरी तू जात राह्यली?"

तिने पंप ओढला. बराच वेळ छातीतली शिट्टी ऐकू येत राहिली. मग म्हणाली, "तिनं विचारलं असतं, का तुह्या पोराले बाहेर ठेवतो, तू आत ये, तं म्या हो म्हटलं असतं. हसत गेली असती. पन तिनं विचारलंच नाई ना."

यापलीकडे ती या विषयावर कधी काही बोलली नाही.

पुढे मला वर्ध्यात नोकरी लागली. आधी नालवाडीला भाड्याची खोली घेतली, मग सिंदी मेघेला घर केलं, मायला आणलं. रुईपासून ती शेवटी लांब आली, तोवर रुई तिच्या आत घर करून बसली होती. शेवटची वर्षं ती खाटेवर बसून तांदूळ निवडायची. माझी बायको म्हणायची, आई, हे तांदूळ निवडलेलेच असतात, पाकिटातले. माय ऐकायची नाही. बोटं चालत राहायची. इतकी चपळ, इतकी अचूक बोटं, आणि वेचायला काहीच नाही. कधी चादरीवरचे सुताचे गोळे वेचायची. दिवाळीनंतर जिनिंगचा विषय निघाला की विचारायची, "वच्छलीजवळ आता कोन बसते?" वच्छलाबाई तिला भेटायला एकदाही आली नाही. मायने कधी बोलावलंही नाही. वीस-बावीस हंगाम दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या.

गेल्या आठवड्यात मी प्रयोगशाळेच्या कपाटातून सरकीची जुनी बाटली काढली. तीच मूठभर सरकी, सरांनी नाकारलेली. दोन दाणे चिमटीत धरून ओढले. थोडा विरोध करून सुटले. सरांचं बरोबर होतं, याच्या अंगावर काहीतरी राहतं. रेच्यातून निघाली, ताडपत्रीवर आपटली, तरी राहतं. ते किती असतं, ते मोजायला माझ्याजवळ साधन नाही. मायच्या नाकाभोवती बांधलेला तो दुपट्टा कामाची बाई टिकावी म्हणून होता, की आणखी कशासाठी, हेही मोजता येत नाही. मी प्रयत्न सोडून दिला आहे.

रविवारी मायच्या पुण्यानुमोदनाचा, तिच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून काल वच्छलाबाईला लिहिलेलं पत्र गावाकडे जाणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ दिलं. फाटकावर संजू ते घेईल आणि तिला वाचून दाखवेल. ती ऐकेल, शिव्या देईल, आणि पुढे काय करेल हे मला खरंच माहीत नाही. पत्र असं आहे.

"वच्छलाबाईले विलासचा जयभीम.

माय गेली, हे तुम्हाले कळलंच असेल. शेवटी फार त्रास झाला. श्वास आत जाये, पण बाहेर निंघे ना. हे तुम्हाले माहीत असावं म्हणून लिहून राह्यलो. दुसऱ्या कोणाले मी एवढं सांगितलं नाई. सगळ्याईले 'शांतपणे गेली' असं सांगितलं.

विहारात तुम्ही खरं बोलल्या होत्या. लोकाईले ते खोटं वाटलं. मले खरं वाटलं. तुम्ही मले हाकललं म्हणून मी शिकलो. तुम्ही मायले आत घेतलं म्हणून ते गेली. दोन्ही एकाच सकाळचं काम होतं. माह्या पोटात भाकर हाये ते तुमच्यामुळं, आणि माय नाई ते बी तुमच्यामुळं. मी तुमचे उपकार मानतो. माफ करत नाई. हे दोन्ही मले एकाच वेळी वाटते, आणि इतकं शिकूनही यातलं एक कमी करता आलं नाई.

एक गोष्ट मायनं तुम्हाले कधी सांगितली नाई. तुम्ही विचारलं असतं, तं ते हो म्हणाली असती. हसत आली असती. तुम्ही एकदा फक्त विचारायचं होतं.

रविवारी सकाळी सिंदी मेघेच्या घरी कार्यक्रम हाये. भाषण नाई, शाल नाई. मायच्या फोटोजवळची जागा मी रिकामी ठेवली हाये, तिथं दुसऱ्या कोणाले बसू देणार नाई.

मी तुम्हाले विचारून राह्यलो. येजो."